बाउहाउसचा चेहरा घडवणाऱ्या ५६० काचा

१/२१
४ डिसेंबर १९२६. जर्मनीतील देसाऊ या कारखान्यांच्या शहरात काच, पोलाद आणि काँक्रीटची एक नवी इमारत खुली झाली. बाउहाउस या कलाशाळेची ही वास्तू. अंतर्गत सजावटीचा इतिहास सांगणाऱ्या पुस्तकांत आजही तिची छायाचित्रे हमखास आढळतात. ती कोणी काढली, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. हे नाव आपोआप विस्मृतीत गेले नाही. त्यामागे एका स्त्रीचे देशांतर, विश्वासाने सोपवलेली एक ठेव आणि तीन वर्षांचा झगडा आहे. काचेच्या निगेटिव्हांची ही हकिगत. #थ्रेड

२/२१
प्रथम पार्श्वभूमी. वास्तुरचनाकार वाल्टर ग्रोपियस यांनी १९१९ मध्ये वायमार येथे बाउहाउसची स्थापना केली. चित्रकार, सुतार, विणकर, धातुकारागीर यांनी एका छताखाली शिकावे आणि घरातील खुर्ची, दिवा, किटलीपासून संपूर्ण इमारतीपर्यंत सारे नव्याने घडवावे, हा हेतू. शाळा सरकारी पैशांवर चाले. १९२४ मध्ये थ्युरिंगिया प्रांतात उजव्या विचारांचे सरकार आले आणि अनुदानाला मोठी कात्री लागली. शाळेला नवे शहर शोधावे लागले, आणि त्याचबरोबर स्वतःच्या कमाईचा मार्गही.

३/२१
१९२५ मध्ये देसाऊने शाळेला आश्रय दिला. त्याच वर्षी बाउहाउसने वस्तूंच्या विक्रीसाठी स्वतंत्र मर्यादित कंपनी स्थापन केली. आता ग्राहक हवे होते, कारखानदार हवे होते, वृत्तपत्रांतून बोलबाला हवा होता. देसाऊपर्यंत प्रत्यक्ष येऊन खुर्चीवर बसून पाहणारे किती असणार? उरलेल्या साऱ्या जगापर्यंत बाउहाउस पोहोचणार होते ते कागदावर छापलेल्या प्रतिमेतून. आजच्या भाषेत सांगायचे, तर शाळेला एका ब्रँड फोटोशूटची निकड होती.

४/२१
हे काम ज्यांनी अंगावर घेतले त्या लुसिया मोहोली. जन्म १८ जानेवारी १८९४, प्राग, ज्यू कुटुंब, माहेरचे आडनाव शुल्झ. भाषाशिक्षिकेची पात्रता मिळवून त्या जर्मनीत आल्या आणि प्रकाशनसंस्थांत संपादनाचे काम करू लागल्या. १९२१ मध्ये हंगेरियन कलावंत लाझ्लो मोहोली-नॉज यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९२३ मध्ये पतीची बाउहाउसमध्ये अध्यापक म्हणून नेमणूक झाली. लुसिया यांचे नाव शाळेच्या पगारपटावर कधीच नव्हते. सरकारी दफ्तरात त्या होत्या फक्त एका अध्यापकाच्या पत्नी.

५/२१
मात्र त्या हौशी छायाचित्रकार नव्हत्या. वायमारमधील एका व्यावसायिक स्टुडिओत त्यांनी उमेदवारी केली आणि पुढे लाइपझिगच्या ग्राफिक कला अकादमीत छपाईसाठी प्रतिमा तयार करण्याचे तंत्र शिकून घेतले. हा दुसरा भाग महत्त्वाचा आहे. छायाचित्र कॅमेऱ्यात कसे दिसते यापेक्षा ते छापखान्यातून उतरल्यावर कसे दिसेल, याचे भान त्यांना होते. काळा रंग कुठे चिकटून एकजीव होईल, करडी छटा कुठे हरवेल, हे आधी ताडून त्या प्रकाशाची मांडणी करीत.

६/२१
त्या काळच्या फोटोशूटचे साहित्य कसे होते? लाकडी देहाचा, पडद्याच्या भात्यासारखा उघडणारा मोठा कॅमेरा, तिवई, आणि १८ × २४ सेंटीमीटरपर्यंतच्या काचेच्या पट्ट्या. प्रत्येक चित्रासाठी एक काच. काच जड, ठिसूळ आणि महाग. त्यामुळे 'पन्नास फोटो काढू, एखादा तरी बरा येईल' अशी सोय नव्हती. काच कॅमेऱ्यात सरकवण्यापूर्वी कोन, प्रकाश, वस्तूंची जागा आणि वेळ या साऱ्यांचा निर्णय झालेला असावा लागे. छायाचित्राचे खरे काम बटण दाबण्याच्या आधीच संपत असे.

७/२१
वास्तूच्या छायाचित्रात मोठी अडचण असते ती उभ्या रेषांची. उंच इमारत पाहण्यासाठी कॅमेरा वर तिरपा केला, की भिंती वरच्या टोकाला एकमेकींकडे झुकू लागतात. मोठ्या कॅमेऱ्यात यावर उपाय असे: कॅमेरा सरळच ठेवायचा आणि फक्त पुढचे भिंग वर सरकवायचे. मग भिंती ताठ उभ्या राहतात. मोहोली यांच्या छायाचित्रांत बाउहाउसची काचेची भिंत आणि बाल्कन्या ज्या भूमितीच्या शिस्तीने दिसतात, त्यात वास्तुरचनेइतकाच या तंत्राचाही वाटा आहे.

८/२१
वस्तूंचे छायाचित्रण आणखी कठीण. मारियान ब्रांट यांची १९२४ मधील चहाची किटली घ्या. अर्धगोलाकार चकचकीत धातू, आबनुसी लाकडाची मूठ, आणि उंची जेमतेम सात-आठ सेंटीमीटर. गोल, झळाळत्या पृष्ठभागात सारी खोली उमटते. खिडकी, कॅमेरा आणि छायाचित्रकार स्वतःसुद्धा. म्हणून प्रकाश मऊ करायचा, पार्श्वभूमी कोरी ठेवायची आणि एकाच बाजूला झळाळीची रेषा पडू द्यायची. मोहोली यांच्या चित्रात ती लहानशी किटली एखाद्या वास्तूसारखी भारदस्त भासते.

९/२१
ही चित्रे कुठे जाणार, हे आधीच ठरलेले असे. १९२५ मध्ये हर्बर्ट बायर यांनी रचलेला 'नमुन्यांचा कॅटलॉग' निघाला. प्रत्येक वस्तूसाठी छायाचित्र, क्रमांक, माप, साहित्य आणि उपयोग अशी नेमकी मांडणी. त्यातील छायाचित्रांत मोहोली यांचा मोठा वाटा होता. हीच चित्रे वृत्तपत्रांना, मासिकांना धाडली जात आणि शाळेच्या पुस्तकमालिकेत छापली जात. एकाच काचेतून विक्री, प्रसिद्धी आणि इतिहास अशी तिन्ही कामे साधली जात होती.

१०/२१
शाळेपासून थोड्या अंतरावर अध्यापकांसाठी घरे उभारली गेली: एक ग्रोपियस यांचे स्वतंत्र घर आणि तीन जोडघरे. शेजारी राहणारे कोण? कांडिन्स्की, क्ले, फायनिंगर, श्लेमर. मोहोली दांपत्याचे घरही याच रांगेत, आणि त्याच्याच तळघरात लुसिया यांची डार्करूम. ग्रोपियस यांच्या घराच्या अंतर्भागाची छायाचित्रेही त्यांनी काढली. भिंतीतली कपाटे, पोलादी नळ्यांच्या खुर्च्या, स्वच्छ मोकळी जमीन. पसारा नाही आणि बहुधा माणूसही नाही. घर कसे राहिले जाते यापेक्षा घर कसे रचले गेले आहे, हे दाखवणे हा त्यामागचा निर्णय होता.

११/२१
हा निर्णय एकमेव नव्हता, हेही नोंदवायला हवे. एरिख कोन्झेम्युलर यांनीही याच काळात बाउहाउसची छायाचित्रे काढली. त्यांच्या एका प्रसिद्ध चित्रात मार्सेल ब्रॉयर यांच्या नळ्यांच्या खुर्चीत एक स्त्री ऐटीत बसली आहे आणि तिच्या चेहऱ्यावर ऑस्कर श्लेमर यांनी घडवलेला मुखवटा आहे. एकाच खोलीची, एकाच खुर्चीची दोन प्रकारे ओळख करून देता येते. मोहोली यांनी वस्तूला बोलू दिले. कोन्झेम्युलर यांनी नव्या वस्तूवर बसणारे नवे माणूस कल्पिले.

१२/२१
या चित्रांनी काही गोष्टी झाकल्याही. किटली यंत्रातून निघालेली वाटते; प्रत्यक्षात ती कार्यशाळेत हाताने, मोजक्याच नगांत घडवलेली होती. घरे पांढरीशुभ्र वाटतात. प्रत्यक्षात आतल्या भिंती रंगांनी भरलेल्या होत्या. कांडिन्स्कींच्या घरात तर सोनेरी वर्खाचाही वापर होता. पण निगेटिव्ह कृष्णधवल होती. 'आधुनिक घर म्हणजे पांढऱ्या भिंती' हा समज जगभर दृढ होण्यात या करड्या छटांचा हातभार मोठा आहे. ब्रँडची प्रतिमा आणि मूळ घर यांत तेव्हाच अंतर पडले होते.

१३/२१
१९२८ मध्ये ग्रोपियस आणि मोहोली दांपत्याने बाउहाउस सोडले. १९२९ मध्ये पती-पत्नी विभक्त झाले. लुसिया बर्लिनमध्ये छायाचित्रण शिकवू लागल्या. काचा त्यांच्याजवळच होत्या. मग आले १९३३. त्यांचे सहचर थिओडोर नॉयबाउअर हे कम्युनिस्ट पक्षाचे संसद सदस्य होते. ऑगस्टमध्ये लुसिया यांच्याच घरी त्यांना अटक झाली. पुढे १९४५ मध्ये नाझी राजवटीने त्यांना देहदंड दिला. ज्यू कुटुंबात जन्मलेल्या लुसिया यांनी तातडीने बर्लिन सोडले.

१४/२१
पळून जाणाऱ्या व्यक्तीला काय नेता येते? कपडे, कागदपत्रे, थोडे पैसे. सुमारे ५६० जड, ठिसूळ काचा नेता येत नाहीत. त्यांनी त्या मोहोली-नॉज यांच्याकडे ठेवल्या. १९३४ मध्ये त्यांनाही जर्मनी सोडावी लागली, तेव्हा त्या ग्रोपियस यांच्या घरी गेल्या. ग्रोपियस इंग्लंडला आणि तेथून १९३७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात अध्यापनासाठी अमेरिकेला गेले. त्यांच्या सामानाबरोबर त्या काचाही अटलांटिक महासागर ओलांडून सुखरूप पोहोचल्या. लुसिया यांना याची कल्पना नव्हती.

१५/२१
डिसेंबर १९३८. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये 'बाउहाउस १९१९–१९२८' हे प्रदर्शन भरले. शाळा नाझींच्या दबावाखाली १९३३ मध्येच बंद पडली होती. देसाऊची वास्तू अमेरिकेत आणता येणार नव्हती. आणता येत होती ती तिची चित्रे. प्रदर्शनाच्या ग्रंथाचे संपादन हर्बर्ट बायर, वाल्टर ग्रोपियस आणि ईझे ग्रोपियस यांनी केले. त्यात मोहोली यांची अनेक छायाचित्रे होती, पण श्रेय म्हणून त्यांचे नाव नव्हते. अमेरिकेत बाउहाउसची कीर्ती पसरली आणि तिच्याबरोबर ही चित्रेही अनामिक होऊन फिरू लागली.

१६/२१
त्याच काळात लुसिया लंडनमध्ये नव्याने संसार उभा करीत होत्या. व्यक्तिचित्रे काढून उपजीविका चालली होती. १९३९ मध्ये पेंग्विनने त्यांचे छायाचित्रणाच्या शंभर वर्षांचा आढावा घेणारे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. १९४० च्या बाँबवर्षावात त्यांचे घर उद्ध्वस्त झाले. शिकागोत मोहोली-नॉज यांच्या शाळेत शिकवण्याची शक्यता निर्माण झाली, पण अमेरिकेचा व्हिसा मिळाला नाही. ज्या देशाने त्यांना दार उघडले नाही, त्याच देशात त्यांचे आयुष्यभराचे काम एका घरात ठेवलेले होते.

१७/२१
युद्धकाळात त्यांनी ब्रिटनमध्ये मायक्रोफिल्म सेवेची धुरा सांभाळली. दस्तऐवज नष्ट होण्याआधी त्यांच्या सूक्ष्म प्रतिमा टिपून ठेवण्याचे हे काम. पुढे युनेस्कोसाठीही त्यांनी याच क्षेत्रात काम केले. इतरांचे कागद जपणाऱ्या या बाईंची अशी समजूत होती, की आपल्या काचा बर्लिनच्या विध्वंसात नष्ट झाल्या असाव्यात. मात्र युद्धानंतर नव्या पुस्तकांतून, मासिकांतून स्वतःचीच छायाचित्रे वारंवार समोर येऊ लागली. छपाई जाणणाऱ्या नजरेला शंका आली: चित्रे छापली जात आहेत, तर निगेटिव्ह कुठेतरी शाबूत असल्या पाहिजेत.

१८/२१
१९५४ मध्ये त्यांनी ग्रोपियस यांना थेट पत्र लिहिले. काचा आपल्याकडे असल्याचे ग्रोपियस यांनी मान्य केले. त्यांचे म्हणणे असे, की लुसिया यांनी त्या पूर्वीच बर्लिनमध्ये आपल्याला दिल्या होत्या आणि आपण त्यांचा सतत उपयोग करत आलो आहोत. लुसिया यांचे म्हणणे असे, की त्या सांभाळण्यासाठी ठेवल्या होत्या, दान केल्या नव्हत्या. जीव वाचवण्यासाठी देश सोडणारी व्यक्ती देणगीपत्र लिहीत बसत नाही आणि ठेवपावतीही घेत नाही. नेमका याच पोकळीवर वाद उभा राहिला. प्रकरण वकिलांपर्यंत गेले.

१९/२१
१९५७ मध्ये काही काचा परत मिळाल्या. किती? सुमारे ५६० पैकी २३०. उरलेल्या ३३० चा हिशेब लागला नाही. या काचांचे मोल दरम्यान कितीतरी वाढले होते. मार्च १९४५ च्या बाँबहल्ल्यात देसाऊमधील ग्रोपियस यांचे घर नष्ट झाले होते, आणि जोडघरांपैकी लुसिया राहत होत्या तो, डार्करूम असलेला भागही. ज्या खोल्या विकण्यासाठी, दाखवण्यासाठी टिपल्या गेल्या होत्या, त्या आता जगात उरल्याच नव्हत्या. प्रसिद्धीसाठी काढलेले चित्र हाच त्या घरांचा पुरावा ठरला.

२०/२१
ग्रोपियस यांना सरळ खलनायक ठरवणे सोपे आहे, पण काचा टिकल्या त्याही त्यांच्यामुळेच, हे विसरता येत नाही. त्यांच्यालेखी छायाचित्र म्हणजे इमारतीची नक्कल आणि इमारत त्यांची, म्हणून चित्रही त्यांचेच. लुसिया यांच्यालेखी ते स्वतंत्र रचनाकर्म होते. हा प्रश्न आपल्याकडेही आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, उलट करार नसल्यास, काम सांगणारा असतो. मात्र 'हे माझे काम' असे म्हणण्याचा कर्त्याचा हक्क त्याच कायद्याचे कलम ५७ स्वतंत्रपणे मान्य करते. एखाद्या गृहसजावटकाराने फोटोशूटचे नियोजन करताना खोली, प्रकाश आणि फुलदाणीइतकाच विचार या दोन ओळींचाही करावा लागतो.

२१/२१
१९५९ मध्ये लुसिया स्वित्झर्लंडला गेल्या. १९७२ मध्ये त्यांनी मोहोली-नॉज यांच्याबरोबरच्या सहकार्याविषयी टिपणे प्रसिद्ध केली आणि १९८३ मध्ये, वयाच्या नव्वदीजवळ, 'ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी'त हरवलेल्या निगेटिव्हांवर लेख लिहिला. १७ मे १९८९ रोजी त्यांचे निधन झाले. परत मिळालेल्या काचा आता बर्लिनच्या बाउहाउस संग्रहात आहेत. २०२४ मध्ये त्यांच्या जन्मगावी, प्रागमध्ये, त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले. यापुढे बाउहाउसचे एखादे कृष्णधवल चित्र नजरेस पडले, तर चित्राखालची बारीक अक्षरांतली ओळ जरूर वाचावी. अनेक ठिकाणी तिथे आता लुसिया मोहोली हे नाव दिसते. उरलेल्या ३३० काचांचा शोध मात्र अजून संपलेला नाही.